दाराबाहेरून ऐकलेली वाडी

मी एक माईक बोलतोय. सभेच्या व्यासपीठावर जो ताठ मानेने उभा असतो आणि ज्याला पुढारी आधी टिचकी मारून बघतात, तो मी नव्हे. मी कॉलरचा माईक. चिंचोक्याएवढा जीव. शर्टाच्या बटणाशी किंवा पदराच्या काठाशी मला चिमट्याने अडकवतात, माझी वायर कपड्याआड दडवतात, तिच्या टोकाची आवाज हवेतून पाठवणारी डबी कमरेला खोचतात आणि मग सगळे मला विसरून जातात. माझ्या धंद्यात विसरलं जाणं हीच शाबासकी.

जन्मभर मी दुसऱ्यांचं ऐकत आलो. 'तुझं काय रे?' असं मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आता आहे, म्हणून हा खटाटोप.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे एका यंत्राने माझ्यापुढे शिट्टी वाजवली, ती मला ऐकू आली आणि मी पास झालो. एवढंच माझं शिक्षण. मग खोक्यात बसून मुंबईच्या बाजारात आलो आणि तिथून नालासोपाऱ्याच्या परेशकडे. परेश लग्नांचं शूटिंग करायचा. त्याने मला कितीतरी नवरदेवांच्या शेरवानीवर मिरवलं. भटजींचे मंत्र, आत्यांची कुजबुज, नवरीच्या बापाचे उसासे मी मन लावून टिपायचो. आणि शेवटी परेश काय करायचा, तर ते सगळं पुसून वर सनई चढवायचा. त्या घरात मी होतो काय अन् नव्हतो काय, सारखंच.

परेशने नवा बिनवायरचा माईक घेतला आणि मला आर्याला देऊन टाकलं. आर्या विरार पूर्वेला चंदनसारला राहायची. वडील साताऱ्याकडचे, मुंबईत नोकरीला, घर हप्त्यांवर घेतलेलं. पोरीने चांगली ऑफिसची नोकरी सोडली आणि माहितीपट करायला निघाली. तिची आई म्हणायची, "माहितीपट म्हणजे ज्याला तिकीट लागत नाही तो सिनेमा ना? मग पैसे कोण देणार?" आर्याकडे एक कॅमेरा होता, एक स्कूटर होती आणि मी होतो. कॅमेरा धरणारी तीच, प्रश्न विचारणारी तीच, कानाला हेडफोन लावून मला ऐकणारीही तीच.

तिच्याकडे आल्यावर मला माणसं कळायला लागली. मला अडकवलं की माणूस आधी खाकरतो. मग ताठ बसतो. मग जी भाषा तो घरात कधी बोलत नाही, ती बोलायला लागतो. थोड्या वेळाने मला विसरतो आणि तेव्हा कुठे खरं बोलतो. तोंड तर सगळ्यांनाच ऐकू येतं, माझी ओळख छातीशी असते. तोंड हसत असताना छाती कशी धडधडते, ते मला ठाऊक. त्या धडधडीचा अर्थ मात्र मला लावता येत नाही. ते काम मी तुमच्यावर सोडतो.

एके दिवशी स्कूटर रेल्वेच्या पुलावरून पश्चिमेला उतरली. मी पिशवीत होतो. हॉर्न कमी होत गेले, रिक्षांचा कलकलाट मागे पडला आणि पाण्याच्या पंपांची टुकटुक ऐकू यायला लागली. कळंबच्या वाटेवरचं ते गाव. दोन्ही बाजूंना वाड्या, केळीच्या, मोगऱ्याच्या, सोनचाफ्याच्या, आणि मधूनच एखादी पानवेलीची.

पानवेल म्हणजे विड्याच्या पानांचा वेल. मोठी नाजूक बाई. तिला ऊन चालत नाही, वारा चालत नाही, कोरडं चालत नाही आणि पाणी साचलेलं तर मुळीच चालत नाही. म्हणून तिच्यावर बांबूंचा मांडव घालतात. पूर्वी मांडवावर नारळाच्या झावळ्या पसरत. आता माडावर चढणारे मिळत नाहीत, म्हणून बाजारातली हिरवी जाळी ताणतात. ही जाळीच सगळ्यांच्या मुळावर आली.

झालं असं, की कराची नवी मोजणी निघाली. आकाशात ड्रोन उडवून वरून फोटो काढले. वरून बघणाऱ्याला जाळीखालची पानं कशी दिसणार? त्याला दिसलं चौकोनी हिरवं छप्पर. छप्पर म्हणजे बांधकाम, बांधकाम म्हणजे गोदाम आणि गोदाम म्हटलं की व्यापाऱ्याचा कर. ज्या ज्या शेतकऱ्याने जाळी ताणली होती, त्याच्या दारात नोटीस आली. कर भरा, नाहीतर बांधकाम उतरवा. कर भरायचा तर वाडी विकूनही पुरणार नाही, आणि मांडव उतरवला तर आठवड्याभरात वेल करपून जाईल. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

फोटोंनंतर खात्री करायला कर खात्याची दोन माणसं गावात आलीही होती. ती आली पहिल्याच वाडीवर, हरिश्चंद्रकाकांच्या. आणि दारातच अडली.

हरिश्चंद्रकाकांच्या वाडीचा नियम होता. चपला-बूट बाहेर. कमरेचा पट्टा, पाकीट, जे जे चामड्याचं असेल ते बाहेर. आंघोळ झालेली हवी. आणि बाईमाणूस आत नाही. पानवेल म्हणजे देवी, तिला विटाळ चालत नाही, असं त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. काकांनी ते कधी तपासून बघितलं नाही. देवाची परीक्षा घेतात का कुणी?

त्या दोघांनी आतला चिखल बघितला, आपले लेसवाले बूट बघितले आणि म्हणाले, "काका, बूट राहू द्या ना, वरवरच बघायचंय."

"मग बाहेरूनच बघा," काका म्हणाले.

त्यांनी बाहेरूनच बघितलं आणि लिहिलं, 'आतील भाग बंदिस्त, प्रवेश नाकारला.' पुढच्या वाड्यांवर जायचा त्यांना कंटाळा आला असावा. बाकी सगळ्यांच्या नावापुढे त्यांनी 'वरीलप्रमाणे' एवढंच लिहिलं. ॲन्सेल्मभाऊंच्या मोगऱ्याच्या रोपांवरही जाळी होती. दिवसभर दार उघडं टाकून बसणारा तो माणूस, तोही 'वरीलप्रमाणे' प्रवेश नाकारणारा ठरला.

ॲन्सेल्मभाऊ काकांचे शेजारी आणि लहानपणापासूनचे सोबती. आंदोलनाचा विचार पहिल्यांदा त्यांच्याच डोक्यात आला. आर्याला गावात त्यांनीच बोलावलं. "ये गो पोरी," ते म्हणाले, "आमचं कोन ऐकत नाय. तुझ्या त्या डब्याचं तरी ऐकतील." डबा म्हणजे कॅमेरा. श्रेय नेहमी त्यालाच मिळतं, मला आता सवय झाली आहे.

पहिल्या दिवशी आर्या मला हरिश्चंद्रकाकांच्या गंजीला लावायला गेली, तर काका मागे सरले. "ह्याच्यात चामड्याचं काय नाय ना?"

"नाही काका. प्लास्टिक आणि तार."

"मग चालेल."

असा मी आत गेलो. आर्या दाराबाहेर हेडफोन लावून उभी राहिली. नारळाच्या झापांचं ते दार मागे लागलं आणि बाहेरचं जग एकदम मऊ झालं. पायाखाली ओली माती, पाटातून झुळझुळणारं पाणी, आणि काकांच्या अंगठ्यावरच्या लोखंडी नखीचा आवाज. कट्. पान खुडलं. कट्. पुढचं पान. मधेच ते वेलीशी बोलायचे, "सरक गो बाय, तुझ्या मागचीला जागा दे." आवाज जाळीखाली विरत लांब लांब जायचे. मला डोळे नाहीत, दिसण्याच्या गोष्टी मला मागाहून आर्याच्या बोलण्यातून कळतात. पण कानाने मोजली तर ती वाडी मला अफाट वाटली.

काका म्हणाले, "ही सगळी वाडी मी माझ्या हातांनी उभी केली. ह्याला गोदाम म्हनतात! गोदामात कोन पानी घालते का?" त्यांची छाती तेव्हा जोरात धडधडत होती. त्यात रागही असावा आणि भीतीही.

मग आर्याने मला काकूंना लावलं. चंद्रकांताकाकू, म्हणजे काकांची बायको. त्या ओटीवर बसून पानं लावायच्या. काकांनी खुडून आणलेली टोपली पुढ्यात घ्यायची, ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं, देठाला देठ जुळवून चळत रचायची. सुती लुगडं होतं, म्हणून मला ऐकायला बरं पडलं. रेशमी साड्यांशी माझं कधी जमलं नाही, फार सळसळतात.

"मना काय विचारतेस?" काकू लाजल्या. "ह्यांना विचार."

"त्यांना विचारलं काकू. तुम्ही सांगा ना, आत वाडीत तुम्ही काय काय काम करता?"

"आत नाय जात मी."

"म्हणजे? कधीच नाही?"

"लगीन होऊन आले तवापासून नाय. बायका नाय जात. रीत हाय ती."

तोंडाने रीत सांगितली. छातीने मात्र दोन-चार ठोके घाईघाईने टाकले. मी ते टिपले.

जरा वेळाने काकू आपणहून बोलायला लागल्या. "पन मना सगळी ठाऊक हाय हां वाडी. ऐकून. हे पानी सोडतात ना, ते आधी फनसाकडं जाते. मग खळखळ कमी झाली की समजायचं, मोठ्या पाटाला लागलं. तो पाट लांबच लांब हाय. ह्यांचा खोकला पार त्या टोकाकडून आला ना, की असा वाटते, दुसऱ्या गावातून येते." त्या हसल्या. "केवढी मोठी हाय गो वाडी आमची!"

हे ऐकलं आणि मला त्या बाईचा फार लळा लागला. आजवर माझ्यासारखं कुणी भेटलं नव्हतं. कॅमेऱ्याला डोळे, आर्याला डोळे, साऱ्या जगाला डोळे. वाडी नुसत्या कानाने ओळखणारे आम्ही दोघेच.

आर्याने काकांना विचारून बघितलं, "काका, काकूंना आत का नाही नेत?" काकांनी टोपली खाली ठेवली. "तू कराचं शूटिंग कर. घरातलं नको."

आर्याने विषय तिथेच सोडला. तिलाही कळत होतं, साऱ्या गावाचं प्रकरण काकांच्या वाडीवर अडलं आहे. काका बिथरले तर सगळंच बिथरणार.

आंदोलन सुरू झालं. कर खात्याच्या कचेरीसमोर फुटपाथवर शेतकरी बसले. घोषणा थोड्याच होत्या. ॲन्सेल्मभाऊंनी वेगळीच शक्कल काढली. टोपलीभर पानं घेऊन ते फाटकाशी उभे राहायचे आणि कचेरीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक ओलं, हिरवंगार पान ठेवायचे. "घ्या साहेब, गोदामातला माल." कुणी ओशाळायचं, कुणी हसायचं, कुणी पान खिशात घालून तोंड चुकवून आत जायचं. आर्या टिपत राहिली. ते तुकडे लोकांच्या मोबाइलवर फिरले.

एका कारकुनाने विचारलं, "आतलं शूटिंग कुठाय? जाळी तर आम्हीही बघितली." आता आर्या बाई, तिला आत प्रवेश नाही. मग तिने कॅमेरा काकांच्याच हातात दिला. काका मोठ्या विश्वासाने आत गेले आणि चित्रीकरण करून आले. त्यात अर्धा वेळ त्यांचा अंगठा होता आणि उरलेला वेळ त्यांचे पाय. एकदा पानं दिसली, तीही उलटी. कारकून म्हणाला, "हे कुठलंही असू शकतं." या एका बाबतीत त्याचं म्हणणं मी समजू शकतो.

त्यानंतर काही दिवसांनी कर खात्याच्या नव्या अधिकारी स्वतः फाटकापर्यंत आल्या. अश्लेषा मॅडम. ॲन्सेल्मभाऊंनी पान दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, देठाकडून मोडून बघितलं. "इतकं ताजं पान गोदामात कसं राहील?" त्या म्हणाल्या. "कागद बाजूला ठेवा. सोमवारी मी येते आणि प्रत्येक वाडी आत शिरून बघते. पहिल्या वाडीत कोण अडवतं म्हणे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हा हरिश्चंद्रकाकांच्या सदऱ्यावर होतो. काळजाचा ठोका चुकला, असं माणसं नुसतं म्हणतात. मी तो चुकलेला ऐकला.

त्या संध्याकाळी ॲन्सेल्मभाऊ ओटीवर आले. आर्या मला गुंडाळून ठेवत होती.

"हरी, बाई येनार हाय."

"ऐकलंय मी."

"मागच्या वेळी तू बूट अडवलेस, मी तुला एका शब्दानं बोललो नाय. तुझी पानवेल तुझ्या देवाची, मना कळते. देवळात आमीपन टोपी काढून जातो." ॲन्सेल्मभाऊ देऊळ म्हणाले की ते चर्चच असतं. "पन ह्या वेळी दार लावलंस, तर सगळ्या गावाचे मांडव उतरतील. माझा तर उतरेलच. तुझीपन देवी उन्हात मरेल."

काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या तिथेच उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही.

सोमवारी काकांनी मला लावून घेतलं नाही. "आज नको," म्हणाले. मग आर्याने मला काकूंच्या पदराला अडकवलं.

मॅडम आल्या. दाराशी काकांच्या चपला दिसल्या, तशा त्यांनी न सांगता आपल्या सँडल काढल्या. "पर्स चामड्याची आहे," त्या म्हणाल्या, "काकू, जरा धरता का?" काकूंनी पर्स दोन्ही हातांनी धरली. मॅडमनी घोट्याच्या वर सलवार उचलली. "येऊ ना आत?"

सगळं गाव कुंपणाशी उभं होतं. कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येईना. मी ज्या छातीवर होतो ती मात्र इतकी वाजत होती, की आर्याने हेडफोन जरा बाजूला केला.

काकांनी दार उघडलं. "या," ते म्हणाले. "तुमी सरकारी मानूस. सरकारला बाई-पुरुष नसते."

गावाने सुटकेचा श्वास टाकला. मॅडम आत गेल्या, मागोमाग काका, मागोमाग ॲन्सेल्मभाऊ. दार अर्धवट लोटलं गेलं. बाहेर राहिल्या आर्या आणि काकू.

आतून मॅडमचा आवाज आला, "काकू, तुम्हीपण या ना! ही कुठली जात पानाची?"

आणि काकांचा आवाज, "ती नाय येत. तिला सवय नाय."

काकू पर्स धरून उभ्या होत्या. मग स्वतःशीच, ओठातल्या ओठात बोलायला लागल्या. मी पदरावर नसतो तर ते कुणाला कळलंही नसतं.

"आता फनसापाशी आली... हितं पानी साचते, जपून गो बाय... आता मोठ्या पाटाला लागली... ह्यांनी हात दिला असल..." मग त्या थांबल्या. पर्सच्या कडीवर त्यांची बोटं फिरत होती. "उभा जनम मी दाराशी काढला. आनि ही आली तशी आत गेली."

रागाने नाही म्हणाल्या. 'आज पाणी लवकर आलं' असं म्हणावं, तसं म्हणाल्या. मला हजार सभा ऐकवा, एवढं जड वाक्य मी दुसरं उचललं नाही.

मॅडम घोटाभर चिखलात माखून बाहेर आल्या. ही शेती आहे, त्या म्हणाल्या, वरून फोटो काढून कर लावणं चूक झालं, बाकीच्या वाड्याही आजच बघते आणि नोटिसा मागे घेण्याचं लिहिते. एकच कल्ला झाला. ॲन्सेल्मभाऊंनी काकांना उचललंच. काकूंनी मॅडमच्या पायांवर पाणी घातलं, पर्स परत दिली आणि टोपलीतली चांगली पानं निवडून त्यांच्या हातात ठेवली. आर्याने मला काकूंच्या पदरावरून काढलं आणि पिशवीत न टाकता मुठीतच धरून ठेवलं.

नोटिसा खरोखरच मागे आल्या. मांडव राहिले. आर्याचा माहितीपट आता कापून जोडायचा होता. दिवसच्या दिवस ती त्या एका वाक्यापाशी येऊन थांबायची. ऐकायची, पुढे जायची, पुन्हा मागे यायची. माहितीपट कराचा होता. काकांनी बजावलं होतं, घरातलं नको. पण हे घरातलं होतं की वाडीचं?

शेवटी काका बाजारात गेले असताना ती ओटीवर गेली आणि हेडफोन काकूंच्या कानांवर ठेवले.

"काकू, हे तुम्ही बोललात. ठेवू का? नको म्हणालात तर आत्ता पुसते. कुणाला कळणार नाही."

काकूंनी ऐकलं. "हा माझाच आवाज?"

"हो."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावला. काकू चळतीवरचं पान पुसत राहिल्या. "ठेव," त्या म्हणाल्या. "पन ह्यांना आधी सांगू नको. नायतर बसायचेच नायत बघायला."

ॲन्सेल्मभाऊंच्या अंगणात पांढरी चादर बांधली आणि दिवेलागणीला सारं गाव जमलं. मी आर्याच्या पिशवीत होतो. काकांचा अंगठा पडद्यावर आला तेव्हा लोक पोट धरधरून हसले, काकाही हसले. पानांच्या टोपलीला टाळ्या पडल्या. मग पडद्यावर नुसतं झापांचं दार राहिलं आणि मोठ्या स्पीकरमधून मी उचललेला तो आवाज आला. उभा जनम मी दाराशी काढला.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले असावेत, कारण मला काहीच ऐकू आलं नाही. माहितीपट संपला. कुणीतरी हळूच म्हणालं, "बरी केलीस गो." एक खुर्ची सरकली आणि काकांची पावलं अंगणातून बाहेर गेली. आर्याला वाटलं, तिने एक माणूस कायमचा दुखावला.

सकाळी ती निरोप घ्यायला म्हणून गेली. काकू ओटीवर पानं लावत होत्या. काका आंघोळ करून वाडीच्या दारात उभे होते. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि ते परत लागू नये म्हणून त्याला दगडाचं टेकण लावलं.

"अगो, ऐकलंस का?"

"काय?"

"पानं खुडायची हायत. माझी नजर आता पोचत नाय."

नजर पोचत नाही हे खरं असेल, खोटंही असेल. माफी मागायची या माणसांची पद्धत अशीच. काकूंनी हातातली चळत पुरी केली. फडकं पिळून वाळत टाकलं. आर्याने सवयीने कॅमेरा उचलला, तर काकू म्हणाल्या, "तो राहू दे. ते बटन लाव मना."

बटन म्हणजे मी. माझं नाव काकूंना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, पण त्या दिवशी त्यांना मीच हवा होतो. माझ्या आयुष्यातला याहून मोठा मान मला आठवत नाही.

त्यांनी पाय धुतले आणि आत पाऊल टाकलं. मातीत पाय रुतल्याचा आवाज आला. फणसापर्यंत त्या भरभर चालल्या, अगदी वळणही अचूक घेतलं. मग मोठ्या पाटाच्या कडेने निघाल्या. लांबच लांब असलेला तो पाट. मीही कान टवकारले. थोडीच पावलं झाली असतील आणि त्या थांबल्या.

"संपली?"

"हां," काका मागून म्हणाले. "कुंपन आलं."

काकू तशाच उभ्या होत्या. पाणी झुळझुळत होतं.

"एवढीच हाय?"

काकांनी हातातली टोपली खाली ठेवली.

"एवढीच," ते म्हणाले.

मग काकूंची छाती हलायला लागली. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला सांगता यायचं नाही. छातीवर बसून ऐकलं की दोन्ही सारखंच वाजतं. त्या वाकल्या, पाटातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं, चिमटा सुटला आणि मी पाण्यात पडलो.

आर्याने मला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, फुंकर मारली, सुकवलं. काही उपयोग झाला नाही. आता माझ्यातून नुसती खरखर येते. तिने नवा माईक घेतला आहे. दुसऱ्या गावांत अजून तसल्याच नोटिसा आहेत, तिकडे ती फिरत असते. मला टाकून देणार होती, तर काकू म्हणाल्या, "मना दे." तेव्हापासून मी त्यांच्या पानाच्या डब्यात असतो, सुपारी आणि चुन्याच्या डबीशेजारी. तुटपुंजं ऐकू येतं, पाण्याखालून यावं तसं.

माझं मागणं फार नाही. अन्यायाविरुद्ध कुणी उभं राहिलं की माईक घेऊन जरूर जा. पुढे उभा राहून जो बोलतो, त्याच्या कॉलरला लावा, त्याचं ऐकलंच पाहिजे. पण ते झालं की तिथून काढा आणि दाराशी कुणाची तरी पर्स धरून जी उभी असेल, तिच्या पदरालाही लावा.

सकाळ झाली की काकू डबा उघडून पान लावतात, डबा तसाच उघडा ठेवून जातात. मग वाडीतून नखीचा आवाज येतो. कट्. कट्. हल्ली तो दोन ठिकाणांहून येतो.